वहिनींनी मांडलेलं पारायण

माझी पहिली कादंबरी मी स्वतःच छापली, कारण दुसरं कुणी छापेना. पुण्याच्या एका प्रकाशकानं भाषा फार गावठी आहे म्हणून ती परत पाठवली. म्हटलं, जा उडत. महाराष्ट्र नुकताच झाला होता. वाटलं, आता आपल्याही बोलीला कुणी विचारील. शेवटी बुलढाण्याचा एक छापखाना गाठला. तिथं लग्नपत्रिका आणि हँडबिलं निघत. गणपतीच्या चित्राशिवाय तिथून काहीच बाहेर पडत नसे. तसा तो माझ्या कादंबरीच्या पहिल्या पानावरही येऊन बसला, मला न विचारता.

एसटीच्या टपावरून गठ्ठे आमच्या गावी, धाडला, आणले. वहिनींना, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोला, वाचता येत नव्हतं. त्यांनी गणपती पाहिला, पुस्तकाला हळदकुंकू लावलं आणि थेट देवघरात ठेवलं. वर मला म्हणाल्या, "पोथी घरात आली तं पारायन कराच लागते. तुमीच वाचा, भावजी." दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बाया कापूस घेऊन वाती वळायला ओसरीवर हजर.

माझं धाबं दणाणलं. सातव्या प्रकरणात वहिनीच होत्या. लग्नानंतर वर्षभरातच, घरच्या जाचाला कंटाळून, त्या एकट्या पायी माहेरी निघून गेल्या होत्या. त्यांच्या वडिलांनी लगेच आणून सोडलं. त्यावर आमच्या घरात पुन्हा कधी कुणी बोललं नाही. आई गेल्यापासून मला हीच बाई जेवू घालत होती. तिनं तोंड फिरवलं असतं तर त्या घरात माझं म्हणून दुसरं कोण होतं?

सहावं प्रकरण संपलं. मी हळूच बरीच पानं एकदम उलटली आणि म्हणालो, "प्रकरण आठवं."

"सातवा अध्याय राह्यला," वहिनी म्हणाल्या. "पोथीतला अध्याय गाळत नसतात, भावजी."

झालं. वाचावंच लागलं. बाई पहाटे घरातून निघते, नदी ओलांडते, मागं वळून बघत नाही. बायांचे वाती वळणारे हात थांबले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कोन व्हय व हे?"

"मीच व्हय," वहिनी म्हणाल्या. त्यांचे हात मात्र थांबले नव्हते. मग मला विचारलं, "पुढं वापस येते का थे?"

"नाही वहिनी. येत नाही."

मी मान खाली घालून बसलो. आता या उठून आत जाणार, असंच वाटलं.

"बरं केलं," त्या म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. पुस्तक छापून हातात आलं तेव्हाही इतकं हलकं वाटलं नव्हतं. मी पान उलटायला गेलो, तर त्यांनी पुस्तकावर हात ठेवला.

"मले बाबानं आनून सोडलं होतं, भावजी. दुसरं पुस्तक लिहाल, तवाही तिले वापस नोका आनू."