कुंदाचं ऊन

आलमबागच्या मंडईत मटार निवडत होते, तेव्हा फरहानाचा फोन आला. फरहाना ही माझ्या नणंदेची, कुंदाची, पहिली पीएच.डी.ची विद्यार्थिनी, आता स्वतःच प्राध्यापक आहे. "आंटी, मैम..." एवढंच म्हणाली, आणि मला कळलं, कुंदा गेली. सकाळीच मी इस्पितळात कुंदाला भेटून आले होते. नाकात नळी असतानाही तिने मला खिडकीचा पडदा सरकवायला लावला होता, आणि वर बोटाने "अजून थोडा" अशी आज्ञाही केली होती. हुकूम सोडायची तिची खोड शेवटपर्यंत गेली नाही. भाजीवाल्याने विचारलं, "माताजी, तोल दूँ?" मी म्हटलं, "हाँ भैया, तोल दो।" मटार घरी आणले. पुढे त्यांचं काय झालं ते आठवत नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. ह्यांच्या बँकेतल्या बदलीने आम्ही लखनौला आलो, आणि थोड्याच दिवसांत कुंदाला इथल्याच एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. गोमती नगरातल्या आमच्या घरी वरच्या खोलीत ती राहायला आली, ती पुढे स्वतःचा फ्लॅट घेईपर्यंत तिथेच होती. ती सेंद्रिय रसायनशास्त्रातली, पण तिचं नेमकं काम काय, हे मी पोळ्या लाटता लाटता शिकले. "काही रेणू असे असतात वहिनी, की उकळा, ढवळा, काही करा, ढिम्म हलत नाहीत. उजेड पडला की मात्र आपणहून वळतात, दोन्ही टोकं जुळवतात आणि कडं होऊन बसतात." मी म्हणायचे, "म्हणजे तुझ्यासारखेच. सांगून काही उपयोग नाही." ती हसायची आणि ताटातली सगळ्यात टम्म फुगलेली पोळी उचलून न्यायची.

संस्थेत तेव्हा अशा कामासाठी खास दिवा नव्हता. मग ही बाई सरळ गच्चीवर गेली. लखनौच्या हिवाळ्यात एकदा धुकं फाटलं की अख्खं शहर गच्चीवर शेंगा सोलत ऊन खात बसतं. कुंदाच्या संस्थेच्या गच्चीवर माणसांच्या शेजारी काचेचे चंबूही उन्हाला बसलेले असत. फरहाना काळजीने विचारायची, "मैम, आज धूप निकलेगी?" कुंदा म्हणायची, "कैसे नहीं निकलेगी!" सकाळी चंबू मांडायचे, ऊन उतरलं की उघडायचे. आत पांढरेशुभ्र स्फटिक! म्हणजे रेणूचं कडं जमलं. त्यावरचा शोधनिबंध छापून आला तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. विचारणाऱ्याला सांगायचे, "आमच्या कुंदाने उन्हाला कामाला लावलंय."

मग संस्थेत परदेशी दिवा आला, क्वार्ट्झ नावाच्या महागड्या काचेच्या नळीत घालून थेट द्रावणात बुडवायचा. आता धुक्याची मिनतवारी नको, म्हणून दोघींनी थाटात दिवा लावला... आणि संध्याकाळी निघाला तपकिरी, चिकट लगदा. पुन्हा केला, पुन्हा लगदा. नेमकं त्याच सुमारास परदेशातल्या एका प्रयोगशाळेनेही कळवलं की तसलाच दिवा वापरून आम्हालाही हे जमत नाही. प्रयोग कुणीही केला तरी तेच निघालं पाहिजे, नाहीतर शोध खोटा. आणि शोध लावणारा एक तर बावळट, नाहीतर लबाड. फरहानाची पीएच.डी. याच प्रयोगावर उभी होती. विभागप्रमुख म्हणाले, "पेपर वापस ले लीजिए, इज़्ज़त बच जाएगी।" त्या दिवशी कुंदा घरी आली, जेवायला बसली आणि म्हणाली, "वहिनी, ते स्फटिक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत." मी म्हटलं, "मग?" म्हणाली, "मग काय, ते आहेत." आणि तिने आमटी मागून घेतली. मला तिथेच धीर आला. खचलेलं माणूस आमटी मागून घेत नाही.

चूक सापडली ती दोघींच्या सवयीत. गच्चीवर काम करून करून सकाळी ठेवायचं आणि संध्याकाळी उघडायचं, हे अंगवळणी पडलं होतं. दिवाही त्यांनी तसाच दिवसभर जळत ठेवला होता. मध्ये डोकावून बघायचं कुणाला सुचलंच नाही, कारण उन्हात कधी तशी गरजच पडली नव्हती. कुंदाने या वेळी दिवा लावल्यावर थोड्याच वेळात नमुना काढून तपासला. कडं झालेलं होतं! आणखी थांबून काढला, तर कमी. दुपारपर्यंत सगळं गायब आणि तळाला लगदा. म्हणजे रेणू जुळत होता, आणि जुळलेल्या रेणूला तोच दिवा फोडत होता. जमिनीपर्यंत येणाऱ्या उन्हात नसतो असा एक तिखट प्रकाश त्या दिव्यात होता, आणि क्वार्ट्झ तो बिनदिक्कत आत सोडत होतं. साधी काच त्याला अडवते. तिने दिव्याभोवती साध्या काचेचं नळकांडं बसवलं. त्या संध्याकाळी फरहाना आमच्या दारातूनच ओरडली, "आंटी, सफ़ेद! एकदम सफ़ेद!" मागोमाग कुंदा चपलांसकट स्वयंपाकघरात शिरली आणि तिने मला पिठाच्या हातांनिशी गरागरा फिरवलं. एरवी चपला घालून कुणी ओट्याजवळ आलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मीच रडत होते.

परदेशातल्या मंडळींनी तसंच नळकांडं बसवलं आणि निरोप धाडला... जमलं! फरहाना डॉक्टर झाली. सत्काराला हार घेऊन पुढे आले ते तेच विभागप्रमुख, आणि कुंदाने तो हसत घालून घेतला. माझ्याच्याने ते झालं नसतं. उजेड कुठे जोडतो आणि कुठे तोडतो, हा पुढे तिचा जन्माचा विषय झाला. व्याख्यानांना देशोदेशी बोलावणी येऊ लागली. अमौसीच्या विमानतळावर मी तिला चिवड्याचा डबा देऊन किती वेळा निरोप दिला असेल, आणि दर वेळी आजूबाजूच्या अनोळखी माणसांना सांगावंसं वाटायचं की ही माझी नणंद आहे. एकदोनदा सांगितलंही.

परवा फरहाना मला तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आता कुंदाचा तो प्रयोग आहे. एका मुलीचे हातमोजे ढगळ, तिने अर्धं द्रावण टेबलावर सांडलं, उरलेलं कसंबसं गाळलं. गाळणकागदावर पांढरेशुभ्र स्फटिक! तिने तो फरहानाला दाखवला. "मैम, हो गया। ये तो बहुत आसान है। इसमें रिसर्च क्या थी?"

फरहानाने माझ्याकडे पाहिलं.

"कुछ नहीं बेटा," मी म्हटलं, "बस, इसे आसान करना था।"