नाव न ठेवलेला आयरिस

पौषातली दुपार आहे. जेवण झालंय आणि व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत मी तोंडासमोर पेपर धरून पडलोय. पाचगणीची थंडी उन्हालाही जुमानत नाही, म्हणून पायांवर शाल आहे. पेपरातल्या ओळी एकमेकींत मिसळायला लागतात. पेपर घसरतो, तो उचलायला मी डोळे उघडतो, तर माझी बायको प्रमिला त्याची घडी घालत उभी आहे.

ती वैशाखात गेली. हे मला स्वप्नातही पक्कं ठाऊक आहे, म्हणून मी हळू आवाजात बोलतो. मोठ्यानं बोललो तर तिलाही आठवेल अशी भीती वाटते.

"चहा टाकू?" मी विचारतो.

"तुम्ही?" ती हसते. "जन्मात कधी टाकलात?"

"शिकलोय आता."

तिचं हसू जरा उतरतं. "माझं रोप कसं आहे?" ती विचारते.

प्रमिलाला आयरिसचे नवे वाण तयार करायचा नाद होता. एका फुलाचे पराग चिमट्यानं दुसऱ्या फुलाला लावायचे, बोंड धरलं की त्यातलं बी पेरायचं आणि मग फुलाची वाट बघत दोन-तीन वर्षं काढायची. एवढं करून बहुतेक फुलं सामान्यच निघायची आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाला जायची. मी चेष्टा करायचो, की एवढ्या वेळात माणसाची मुलं बोलायला लागतात. शेवटी तिनं गर्द जांभळ्याची जोडी एका मातकट पिवळ्याशी लावली होती. त्यातलं एकच रोप वाचलंय. त्याला अजून फूल आलेलं नाही, आणि यंदा नाही आलं तर ते तगेल असं वाटत नाही.

"मजेत आहे," मी सांगतो. "गड्डा उघडा पडला होता. थंडी लागू नये म्हणून मी वर छान माती ओढलीये."

"म्हणजे पुरलंत?"

आता आम्ही हॉस्पिटलच्या लांब बाकावर बसलोय. समोरच्या फरशांमधून आयरिसची पानं सरळ वर आली आहेत आणि नर्स त्यांना चुकवून ये-जा करतेय. प्रमिलाच्या अंगात तिथला हिरवा झगा आहे, पायांत मात्र बागेतल्या चिखलानं भरलेल्या चपला.

"अहो, तो गड्डा आल्यासारखा मातीवर उघडाच पडतो. त्याच्या पाठीला ऊन लागावं लागतं. झाकला की फूल धरत नाही, मग कुजतो. इतकी वर्षं माझ्या मागं मागं हिंडलात आणि एवढंही नाही बघितलंत?"

"मी तुलाच बघत होतो."

"पुरे."

"उघडा पडलेला बघवत नाही गं मला. तुला नेलं तेव्हा तुझे पाय उघडे होते. मी चादर ओढत होतो, तर त्यांनी मलाच बाजूला केलं."

ती माझा हात हातात घेते. तिचा हात नेहमीसारखा खरखरीत आहे.

"मला नव्हती वाजत थंडी," ती म्हणते.

मला रडू येतं. डोळे पुसून बघतो तर बाक माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेतला झालाय. तीस वर्षं मी तिथं विज्ञान शिकवलं. स्टँडवर परीक्षानळ्या आहेत आणि प्रत्येकीत आयरिसचा एकेक दांडा. तांबूस, राखी, जवळजवळ काळा. शेवटच्या नळीत नुसतं पाणी आहे.

"ही आपली?"

"हो."

"कुठला रंग येणार?"

"मला काय माहीत? मी कुठं पाहिलंय?"

हे ती अगदी सहज म्हणते.

"निदान नाव तरी सांगून जा," मी म्हणतो. "मी तुझंच ठेवणार होतो."

"फूल बघितल्याशिवाय नाव ठेवत नाहीत. बारशाला मूल नको का? आणि माझं तर मुळीच नको. उद्या कुजलं, तर लोकांना काय सांगाल? प्रमिला कुजली?"

"तसलं बोलू नकोस. बघायला ये ना. फुलाच्या दिवसांत फक्त."

"नाही जमायचं. तुम्ही बघा."

"मी एकटा बघून काय करू?"

ती टेबलाच्या खणातून लोकरीचा दोरा काढते. पराग लावून झाले की फुलाच्या दांड्याला ती असा दोरा बांधायची, कुणाची जोडी कुणाशी लावलीये ते विसरू नये म्हणून. आता तो ती माझ्या बोटाला गुंडाळते आणि दातांत टोक धरून गाठ आवळते.

"घट्ट होतंय गं."

"सैल बांधला की वाऱ्यानं जातो," ती म्हणते, आणि गाठीवरून अंगठा फिरवते.

जाग येते तेव्हा घरात कुणी नाही. दोरा कुठंच नाही. शालीच्या घड्यांत, खुर्चीखाली, सगळीकडे बघतो. पण बोटाभोवती बारीक, लाल वळ आहे, गाठीच्या जागी जरा जास्त खोल. मी तो दुसऱ्या हातानं चाचपतो. तो बघता बघता भरून येतोय.

तो दिसतोय तोवर मी अनवाणीच वाफ्यापाशी जातो, गुडघे टेकतो आणि हातानं माती बाजूला करायला लागतो. गड्डा लागतो. गार आहे. एका टोकाला मऊ पडलाय, बाकीचा अजून घट्ट आहे. मऊ भाग मी नखानं खुडून टाकतो.

बघवत नाही. तरी उघडा ठेवतो.