बाई, नियम का बदलता?

हल्ली कुणी विचारलं, "मॅडम, तुम्ही दवाखान्यात नक्की काय करायचात?" तर मी पदवी सांगत नाही, किस्सा सांगते. एक सांगितला की त्याच्यामागून दुसरा येतो, चहा गार होतो आणि ऐकणारा घड्याळाकडे बघायला लागतो!

ऐंशीच्या दशकातली वाशी. अर्धी वसलेली, अर्धी खणून ठेवलेली. तिथल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात कॅन्सर झालेल्या मुलांचा वॉर्ड होता आणि मी तिथली मानसशास्त्रज्ञ. औषधांनी किंवा डोक्याला दिलेल्या रेडिएशननं मुलाचं ठरवणं, थांबणं, लक्ष देणं बिघडलंय का, ते मी तपासायचे. आता त्याला 'एक्झिक्युटिव्ह फंक्शनिंग' असं भारदस्त नाव आहे. तेव्हा डॉक्टर लांबूनच ओरडायचे, "मॅडम, याचं जरा डोकं बघून घ्या!"

*

सगळ्यात मोठा ताप पालकांचा. कागदावरच्या भुलभुलैयातून पेन्सिलनं वाट काढायची, अशी एक चाचणी होती. सात वर्षांच्या नितीनचे वडील शेजारी बसून, "उजवीकडे! अरे उजवीकडे!" म्हणून कुजबुजायला लागले. त्यांना बाहेर काढलं. ते खिडकीशी उभे राहून हातवारे करायला लागले. खिडकी लावली. तर काचेवर टकटक सुरू!

शेवटी नितीननंच पेन्सिल खाली ठेवली आणि तो ओरडला, "बाबा, मी हरवलो नाहीये! विचार करतोय!"

*

दुसरा ताप म्हणजे बांधकाम. विकासला मी सांगितलं, "मी एकदा टेबल वाजवलं की तूही एकदा वाजव. दोनदा वाजवलं तर हात बांधून गप्प बस."

नेमकी त्याच वेळी शेजारच्या नव्या बिल्डिंगमध्ये सुताराची हातोडी सुरू झाली. विकास बिचारा वाजवतोय, थांबतोय, घाम पुसतोय. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, तो पण टेस्टमध्ये आहे का?"

*

पत्त्यांची चाचणी तर भांडणाचीच! मुलांनी रंगीत आकृत्यांचे पत्ते जुळवायचे, मी फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचं. आधी नियम रंगाचा. तो मुलाला सापडला की मी गुपचूप आकाराचा करायचा. नवा नियम मूल किती लवकर पकडतं, ते बघायचं.

दिघ्याच्या लताला रंग झटकन सापडला. मग मी "चूक" म्हटलं. पुन्हा "चूक". तिनं पत्ते टेबलावर आपटले. "आत्ताच बरोबर बोललात ना? बाई, नियम का बदलता? तुमचं काय ते आधी ठरवा, मग मला बोलवा!"

*

आणि ती परदेशी चित्रं! चार चित्रं नीट क्रमानं लावायची. बर्फाचा मोठा ढीग, ऊन, ढीग लहान, शेवटी नुसतं पाणी.

जासईच्या कुंदानं बरोबर उलटी लावली. आधी पाणी, मग छोटा पांढरा ढीग, मग मोठा. मी विचारलं, "असं कसं गं?"

ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत म्हणाली, "बाय, उन्हानं पानी आटलं का मीठ व्हतं. यवढं सोपं हाय!"

तिच्या आजोबांचं मिठागर होतं. पुस्तकाप्रमाणे तिला शून्य! मी पुस्तक मिटलं आणि तिला पूर्ण मार्क दिले. त्यावरून माझ्या वरच्या साहेबांनी मला अर्धा तास झापलं, ते वेगळंच.

*

उपचारांनंतर शाळेत परतलेल्या एका मुलाच्या हेडमास्तरांना मी हात जोडून सांगत होते, "सर, हा मुलगा हुशार आहे. फक्त त्याला एका वेळी एकच काम सांगा. वह्या काढा, तारीख घाला, फळ्यावरचं उतरवा, असं सगळं एका दमात सांगितलं की तो गोंधळतो."

सर म्हणाले, "मॅडम, इतके लाड केले तर दहावीत काय दिवे लावणार?"

माझं डोकंच फिरलं. "सर, आधी त्याला दहावीपर्यंत पोचू तर द्या!"

दुसऱ्या दिवसापासून पोरगा पहिल्या बाकावर बसायला लागला.

*

थांबण्याची एक चाचणी होती. मुलासमोर एक चॉकलेट ठेवायचं. "मी परत येईपर्यंत खाल्लं नाहीस, तर दोन मिळतील," असं सांगून बाहेर जायचं.

आठ वर्षांचा राजू वॉर्डातला सगळ्यात शहाणा मुलगा. सुई टोचतानाही हात हलवायचा नाही. मी दार ओढून घेतलं, पाचेक मिनिटांनी परत आले, तर कागद टेबलावर आणि चॉकलेट पोटात!

मी वैतागले. "काय रे राजू? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती! जरा थांबला असतास, तर दोन मिळाली असती ना?"

तो कागदाची घडी घालत म्हणाला, "मनीषा थांबली होती. तिनं दोन्ही उशीखाली ठेवली. नंतर खाईन म्हणाली होती."

मनीषाची खाट त्याच्या शेजारी होती. सोमवारपासून तिथे दुसरी मुलगी होती.

मी दुसरं चॉकलेटही त्याच्यासमोर ठेवलं. तेही त्यानं लगेच खाल्लं!