कोळी गेला

मंडळी, सकाळी हुणसूरजवळच्या आमच्या फार्मवरून राखणदाराचा फोन आला. घेतला बायकोनं. ती लग्न होऊन नुकतीच सांगलीहून म्हैसूरला आलेली. "कोळी सत्तोदवु" यातलं 'मेले' तेवढं तिला कळलं. "अहो, आपला मासे धरणारा कोळी गेला!"

गाडी काढून दोघं पोचलो, तर गेटवर सिद्दप्पा कोळी जाळं घेऊन उभा! बायको हसली. मी मात्र खुराड्यांकडे धावलो. अय्यो, कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी! सगळ्या कोंबड्या मरून पडल्या होत्या.

खुराडी आम्ही मुद्दाम तळ्यावरच बांधलेली. कोंबड्यांची विष्ठा खाली पडते, त्यावर मासे पोसतात. जनावरांचे डॉक्टर येऊन म्हणाले, तपासणी होईपर्यंत मासेही धरायचे नाहीत.

सिद्दप्पानं जाळं गुंडाळलं. "मग मी काय करू, अण्णा?"

बायकोनं खरंच चुकीचं ऐकलं होतं का हो?