ठकीची सॅक

ठकीला सलाईन देऊन झालंय. रविवारची दुपार आहे, पंखा कुरकुरतोय आणि ती माझ्या दंडाशी पडून आहे. तिचं पोट वरखाली होतंय ना, एवढंच बघत मी डोळे मिटते. मूत्रपिंडं गेलीत, अजून किती ओढायचं ते तुम्ही ठरवा, असं डॉक्टर म्हणालेत. एवढ्याशा मांजराचं मी काय डोंबल ठरवणार?

पंख्याची कुरकुर पायाखाली येते. सुकं गवत आहे. मी गड चढतेय आणि पाठीवर ठकीची सॅक आहे, तिला दवाखान्यात नेते तीच, गोल पारदर्शक खिडकीची. मागून कुणीतरी चालतंय.

"लोक पाठीवर तंबू नेतात, आमची लेक मांजर नेते."

अप्पा. माझे वडील. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. जिवंतपणी पहिल्या चढालाच बूड टेकायचे, आता धापसुद्धा ऐकू येत नाही.

"तुम्ही कधी आलात?"

"मघाशीच. ही बघतेय की माझ्याकडे. तुलाच पत्ता नाही."

वळण घेतलं तर दवाखान्यातली बाकं लागतात. माणसं बसलीत, प्रत्येकाच्या मांडीवर रिकामी टोपली. कुणीच मान वर करत नाही. आपलं नाव पुकारतील या भीतीनं मी भराभर पुढे जाते, तर आमच्या इमारतीचा जिना. एकाही मजल्याला दार नाही आणि वरून दरीतला वारा येतोय.

"दमलीस, वृंदे. सॅक दे इकडे."

माझ्या अंगावर काटा येतो. आत्या सांगायची, गेलेल्या माणसानं स्वप्नात काही दिलं तर घ्यावं, मागितलं तर देऊ नये.

"नाही देणार."

"बरं."

"अप्पा, हिला दुखतं का हो?"

"दुखतं. तुझ्यासमोर दाखवत नाही, एवढंच."

मला रडू फुटतं. तुमचं बरंय, तुम्ही सुटलात, असं मी त्यांनाच फाडकन बोलते. पण डावा खांदा आपोआप झुकतो आणि त्या बाजूचा पट्टा निसटतो. सॅक खाली पडत नाही. कुणीतरी अलगद धरलीय आणि तिकडून गार लागतंय. उजवा पट्टा मी घट्ट धरून ठेवते. आमच्या दोघांच्या मध्ये सॅक झुलते आणि आत ठकी घुरघुरायला लागते. कित्येक दिवसांत ती घुरघुरली नव्हती.

"घाई नाही," अप्पा म्हणतात. "मी धरून आहे."

जाग येते तेव्हा ऊन पडद्यावर आलेलं असतं. ठकी दंडाशीच आहे. श्वास चालू आहे, पण तोंड पलंगाच्या रिकाम्या बाजूकडे आहे आणि ती अजून घुरघुरतेय. माझा उजवा खांदा ठणकतोय. कुर्त्याचा गळा ओढून बघते तर पट्ट्याचा लालभडक वळ उठलाय. डाव्या खांद्यावर काहीच नाही.

तिच्या पाठीवरून हात फिरवत मी फोन उचलते आणि ठरवलंय मी, उद्या सकाळी घरीच याल का, असं डॉक्टरांना विचारते.