सुंठ कुटताना

खलबत्त्यात सुंठ घातली की पहिला घाव हमखास फुकट जातो. तुकडा उडून ओट्याखाली पळतो.

हिमालयातल्या तळ्याच्या ट्रेकसाठी मी सुंठीचे लाडू करायला घेतले होते. बाहेर नवरा मोबाइलवरचं वाचून दाखवत होता. "ट्रेक मध्यम आहे म्हणे, पण शेवटचा चढ उभा आहे. तू आपली खालच्या तंबूतच थांब. तुला नाही झेपायचं."

मी बत्ता उचलला आणि हाणला. सुंठ फुटली, आतल्या शिरा तुटल्या, वास नाकाडोळ्यांत घुसला. पुन्हा हाणला.

त्या तळ्याचा फोटो आमच्या फ्रिजवर लावलाय. निळंशार, अगदी गप्प. बघणारे म्हणतात, काय शांत आहे! पण तिथं आधी हिमनदीचा सरकता बर्फ होता. त्यानं डोंगराचं पोट खरवडलं, खडक उपटून फरफटत नेले, एकमेकांवर घासून त्यांचं पीठ केलं. ते पीठ पाण्यात तरंगतं, म्हणून तर तो रंग. शांतता अशी ओरबाडून काढावी लागते, आणि मी मेली इतकी वर्षं नुसत्या गप्प बसण्यालाच शांतता समजत आले.

"अगं, हळू! फरशी फुटेल," तो दारात येऊन म्हणाला. "एवढं काय कुटतेयस?"

खलातल्या सुंठीचं पीठ झालं होतं.

"तळं करतेय," मी म्हणाले. "बघायचं असेल तर वर ये."