शेपटावरचा पांढरा पट्टा

“थांबा, वाकडं हाय.”

घोडेगावात आमच्या पंचायत समितीच्या फाटकासमोर एक पेंटर होता. तुमच्या गावातही असा एखादा असेलच, गाड्यांचे नंबर टाकणारा, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. आमचा पेंटर तेवढ्यावर थांबत नसे. तुमची स्कूटर नुसती उभी दिसली तरी तो खाली वाकायचा, एक डोळा मिटायचा आणि हे वाक्य म्हणायचा. मग अंगठ्याच्या नखानं कड उचलून, दुसऱ्याच कुणी चिकटवलेला आकडा सरळ करूनच उठायचा. “तुला सांगितलंय का कुणी?” असं विचारलं तर म्हणे, “मला दिसतंय ना राव. जीव खालीवर व्हतो.”

त्याचा जीव खालीवर व्हायला काहीही पुरायचं. चहा त्यानं कधी बसून घेतला नाही. माझ्याकडे ऑफिसात काही कामाला आला, की अर्ज राहायचा बाजूला आणि भिंतीवरचं कॅलेंडर आधी सरळ व्हायचं. एकदा कुणा पुढाऱ्याचा सत्कार चालला होता. ऐन भाषणात हा स्टूल घेऊन व्यासपीठावर चढला, मागचा फलक नीट केला आणि उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्याला वाटलं, आपल्यालाच. त्यानं भाषण आणखी लांबवलं.

पुढे गाड्यांवर चकाकणारं रेडियम आलं. ब्रश मागं पडले आणि हा ब्लेडनं आकडे कापू लागला. दुकानातल्या मागच्या फळीवर मात्र त्याचं वेगळंच काम चाले. तिथं वीतभर लांबीची प्लास्टिकची विमानं असत. महायुद्धातली, जपानी, लढाऊ. बोटीवर नोकरी करणाऱ्या मेहुण्यानं त्याला या विमानांचे डबे आणून दिले होते. सुटे भाग जोडायचे, रंगवायचे आणि शेवटी लाल गोळे, पट्टे, आकडे चढवायचे. ही चिन्हं कागदावर छापलेली येत. कागद पाण्यात सोडला की वरचा पातळ पापुद्रा सुटतो, तो बोटानं विमानावर सरकवायचा. पेंटर त्याला ‘साल’ म्हणे. पाणी लागलं की साल घसरते. वर वार्निशचा हात बसला की मग हलत नाही.

मला आधी वाटलं, हौस असेल. हौस नव्हती.

त्याचे वडील, तात्या, लढाईच्या वेळी ब्रह्मदेशात खेचरांच्या तुकडीत होते. एकदा ते भातखाचराच्या बांधाला एकटेच पडून राहिलेले असताना एक जपानी विमान डोक्यावरून गेलं, फिरून परत आलं, अगदी खाली. आतल्या माणसानं वाकून तात्यांकडे पाहिलं आणि गोळी न झाडता निघून गेला. तात्या ही गोष्ट आपल्या गावी, बोरी बुद्रुकला, सोसायटीच्या कट्ट्यावर सांगत, आणि लोक हसत. “तात्या, त्यानं रामराम घातला का न्हाई?” हळूहळू तात्यांनी सांगणंच सोडलं. डोळे अधू झाले तसा मुलगा त्यांना घोडेगावला घेऊन आला.

“बाप थापा मारत न्हाई, भाऊसाहेब,” पेंटर मला म्हणाला. “त्या विमानाच्या शेपटावर पांढरा पट्टा व्हता म्हनतो. तेवढा हुबेहूब काढायचा. बापानं ‘ह्येच’ म्हनलं की विमान न्यायचं बोरीला आन ठेवायचं कट्ट्यावर. पन डोळं जायच्या आत व्हाया पायजे.”

डब्यातल्या साली संपल्या तेव्हा हा स्वतःच साली बनवू लागला. पाठीला डिंक लावलेला कागद घ्यायचा, डिंकावर वार्निशचा थर द्यायचा, त्यावर रंग. जाड पट्टा, बारीक पट्टा, एक पट्टा, दोन पट्टे. प्रत्येक नवा पट्टा चढवला की विमान तात्यांपुढे जाई. तात्या ते नाकाला लावून बघत.

“ह्ये न्हाई.”

“मग कसं व्हतं?”

“ते सांगता येत न्हाई. पन ह्ये न्हाई.”

पेंटर रस्त्यावर येऊन येरझारा घाली. दिसेल त्या टेम्पोपाशी वाके. त्याचं ते बघवत नसे. म्हणून एकदा मी बोलून गेलो, “अरे, म्हातारं माणूस, आठवत नसेल आता.” आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. माझ्या स्कूटरजवळून गेला तरी वाकला नाही. ते मला फार लागलं.

दसऱ्याला मुद्दाम सोनं घेऊन त्याच्या घरी गेलो, तर आत कल्लोळ. त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, दुकानातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजली होती. पट्टी, ब्लेड, ब्रश आणि मधोमध विमान. पेंटर सकाळीच नवी साल चढवून, वाळत ठेवून बाहेर गेला होता. वार्निश अजून मारायचं होतं. वहिनींनी पाणी शिंपडलं, ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं, वर झेंडू वाहिला. पट्टा घसरून तिरपा झाला होता आणि त्याचं एक टोक ओघळल्यासारखं खाली आलं होतं.

“वाहनं पुजायची म्हनल्यावर विमान कसं सोडायचं वो?” वहिनी रडकुंडीला आल्या होत्या.

“अगं, दुश्मनाचं हाय ते!” नुकत्याच परतलेल्या पेंटरनं नख पुढं केलं. “थांबा, वाकडं...”

“आण हिकडं,” खाटेवरून तात्या म्हणाले.

त्यानं नाइलाजानं दिलं. तात्यांनी विमान नाकाशी धरलं. मग उजेडाकडे वळून पुन्हा नाकाशी नेलं.

“ह्येच.”

“तात्या, ह्ये बिघडलंय.”

“ह्येच ते. पट्टा वाकडाच व्हता त्याचा. घाईत मारल्याला, वघळ आल्याला. तवाच मनात आलं, ह्यास्नीबी आपल्यावानीच घाई हाय.” मग अगदी हळू म्हणाले, “माझ्याच वयाचा व्हता रं तो.”

पेंटर मटकन खाली बसला. त्याला बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. इतके पट्टे त्यानं काढले, पण त्याच्या हातून वाकडा पट्टा येणं शक्यच नव्हतं.

वार्निश त्यानं तसंच, कुंकवावरून मारलं. पुढच्या रविवारी बापाला आणि विमानाला घेऊन बोरीला जाऊन आला. कट्ट्यावर काय झालं, मी विचारलं.

“कुनी हसलं न्हाई,” तो म्हणाला. “बाप बोलत व्हता. मी गप बसून व्हतो.”

तात्या त्याच थंडीत गेले. काही वर्षांनी पेंटरही गेला, छातीत कळ येऊन, दुकानासमोर उभ्या उभ्याच. वहिनी अजून दसऱ्याला ते विमान पाटावर ठेवतात. पाणी मात्र शिंपडत नाहीत.

परवा नव्या गाडीला नंबर टाकून आणला. हल्ली कॉम्प्युटर आकडे कापतो. शेवटचा आठ किंचित कलला आहे, पण अजून कुणी काही बोललेलं नाही. रोज सकाळी फाटकासमोर गाडी लावतो आणि आत जायच्या आधी उगाच थोडा वेळ तिथं उभा राहतो.